आबांच्या खांद्यावरचा हात

वडगाव निंबाळकर,
१२ मे २०२५

चि. समाधान,

सप्रेम जय भीम. फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. इकडे बाकी सगळे बरे आहेत, ऊस चांगला उभा आहे. आईचं शेवटी लिहितो.

परवा इंदापूरला एका कृषी सेवा केंद्रात गेलो, तर भिंतीवर आपले आबा. फवारणीच्या औषधाची जाहिरात. फवारणीनंच छाती गेली त्यांची, आणि तिथं ते बाटलीशेजारी हसतायत. मला दुकानात उभं राहवेना.

फोटो मी काढलेला. पळसदेवला धरणाचं पाणी उतरून बुडालेलं देऊळ उघडं पडलं होतं, तेव्हा तुम्ही दोघं दगडावर बसला होता, आठवतं? कंपनी म्हणते, आमच्या फोटोग्राफरनं काढलाय, तुमचा असेल तर सिद्ध करा. आबा गेल्यावर त्यांच्या जलदानविधीचा फ्लेक्स मीच व्हॉट्सअॅपवर टाकला होता, तिथून उचलला असणार. बारामतीच्या वकीलबाई म्हणाल्या, "मूळ फाइल आणा. ज्यानं उचलला त्याच्याकडे कापलेलाच फोटो असतो, अख्खा नसतो."

मूळ फाइल जुन्या मेमरी कार्डात सापडली. तारीख, कॅमेरा, सगळं आहे. आणि आबांच्या खांद्यावर तुझा हात आहे, जो फ्लेक्सवर नव्हता.

तो फ्लेक्स बघून तू भरल्या ताटावरून उठून गेलास. दादानं मला कापलं, असंच तुला वाटलं ना? अरे, आईनं फ्लेक्सवाल्याला सांगितलं होतं, "जित्या पोराचा हात मेलेल्याच्या फोटूत नगं. काढून टाक." आपल्यात असलं मानत नाहीत. पण नवरा नुकताच गेलेला, ती तुझ्यासाठी भ्याली होती. मला तुला सांगूही देईना. "समाधान म्हनंल, आई अजून अडाणीच हाय."

वकीलबाईंना तुझं प्रतिज्ञापत्र हवंय, की फोटोत तू आहेस आणि काढला मी. पोस्टानं पाठवलंस तरी चालेल.

आता आईचं. डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलंय. अख्खा फोटो मोठा करून तिच्या उशाशी ठेवलाय. तुझ्या हातावर बोट ठेवून पडून असते. काल म्हणाली, "त्याला म्हनावं, हात मी कापला. सोम्यानं न्हाय."

कोर्टाला तुझी सही पुरेल. तिला पुरणार नाही. लवकर ये.

तो फोटो काढणारा,
तुझा दादा
सोमनाथ