बाल्साचं विमान आणि अमेय

१२ नोव्हेंबर
दळण घेऊन आले तर हॉलभर नकाशे पसरलेले. माधवने माळ्यावरचा खोका काढलाय. आम्ही विकायचो ती जुनी किट्स, घरी जोडायच्या छोट्या विमानांची. पहिल्या महायुद्धातली दुपंखी विमानं, बाल्सा लाकडाच्या हलक्या पट्ट्या, वरून पातळ कागद, रबराच्या पिळावर फिरणारा प्रोपेलर. नौपाड्यातल्या ह्याच घरातून किती मुलांकडे गेलेली. अमेय गेला त्या वर्षी मा.ने सगळं बांधून वर टाकलं. पायलटचं शिक्षण घेताना आपल्याच मुलाचं विमान कोसळून जळालं, त्यानंतर विमानं कोण विकणार.
"डोंबिवलीची एक मुलगी आहे. लेझर कटर आहे तिच्याकडे. किट्स पुन्हा काढू म्हणतेय."
"मग?"
"हो म्हटलं."
मला न विचारता. भाजी करपली. तशीच वाढली.

१९ नोव्हेंबर
डों. एमआयडीसीत श्वेता कांबळेच्या गाळ्यावर. इंजिनियर, तिशीची असेल. लहानपणी मामाने आमचंच किट आणलेलं, तेव्हापासून डोक्यात बसलंय म्हणे. गोड मुलगी. अमेयचं तिला माहीत नाही.
यंत्र लाकूड कापत नाही, जाळत जातं. पंखाच्या फासळ्या एकेक सुटून आल्या, कडा काळ्या. तो वास...
बाहेर येऊन उभी राहिले. श्वे. पाण्याची बाटली घेऊन मागोमाग.
"काकू, धूर लागला का?"
"हो गं, जरासा."

२८ नोव्हेंबर
नमुन्याचं विमान घरीच बांधायचं ठरलंय. मागच्या खोलीत, म्हणजे अमेयच्या. जेवण झालं की मा. आत. दार लोटलेलं. बोलत असतो. फोनवर असेल वाटलं. फोन बाहेर चार्जिंगला लावलेला.

३० नोव्हेंबर
विचारलं. त्याने सरळ सांगितलं, पॉलिशपेपरने फासळी घासता घासता.
"अमेय येतो. मी चिकटवायला बसलो की मागे उभा राहतो."
"कधीपासून?"
"खोका काढला तेव्हापासून. बोलत काही नाही. बघत राहतो."
भांडले. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं, खोका रद्दीत घालते म्हटलं. आणि मग तोंडून भलतंच गेलं. तुझ्याकडे येतो, माझ्याकडे का नाही?
मा. घासत राहिला. फासळी मोडेपर्यंत.

७ डिसेंबर
आता दुपारी मीही बसते. शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवली, कागद चढवायचं काम मला जमतं. पंखावर ओला कागद पसरायचा, सुकला की आपोआप ताणला जातो, ढोलकीसारखा. मा.पेक्षा माझा साफ बसतो. तो म्हणालाही तसं.
मुद्दाम दाराकडे पाठ करून बसते. काही नाही. खाली रिक्षावाल्यांची भांडणं, शेजारच्या दवाखान्याची बेल. मा. मधेच मान वर करतो, माझ्या खांद्यामागे बघून हसतो. मी वळत नाही. वळून पाहिलं आणि नुसती भिंत असली तर.

१५ डिसेंबर
श्वे. घरी आली. विमान हातात घेऊन नाचायचीच बाकी होती. मग म्हणाली, "काका, आत पायलट नको का? एक छोटासा बसवू ना, किट घेणारे सगळे विचारतायत."
"नाही. रिकामंच जाईल."
मा.चा आवाज एवढा चढला की तिने विमान खाली ठेवलं. रिक्षापर्यंत सोडायला गेले तेव्हा तिला अमेयचं सांगितलं. रस्त्यातच उभी राहिली.
"काकू, मला खरंच माहीत नव्हतं. बंद करूया हे सगळं. तुम्ही सांगा, मी आजच बंद करते."
नको म्हटलं. का नको ते सांगितलं नाही. बंद केलं तर तो यायचा थांबेल, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

२२ डिसेंबर
सकाळी खोणीच्या पुढच्या माळावर. थंडी. मा.ने रबराला पीळ दिला, श्वे.ने विमान सोडलं. सरळ गेलं, मग वळसे घेत वर. माझे डोळे भरले, खोटं का लिहू. सुंदर दिसत होतं.
रबर संपलं, प्रोपेलर थांबला. आता खाली यायचं. आलंच नाही. ऊन तापलं की हवा खालून उचलते, मा. म्हणाला. घारी तिथेच फिरत होत्या, त्यांच्याही वर गेलं. ठिपका झाला. मग ठिपकाही नाही.
श्वे. शेतातून पळत सुटली. आम्ही मागून. पेंढा रचणाऱ्या एका बाईंना विचारलं. त्यांनी आभाळाकडे पाहिलं.
"नाय गो बाय, इकरं काय परलं नाय."
काही पडलं नाही हे ऐकून मला इतकं बरं वाटलं. मा. मात्र बांधावर मटकन बसला.

२६ डिसेंबर
श्वे.ने दुसऱ्या विमानाचे भाग कापून पाठवलेत. मा. त्या खोलीत जात नाही. दोनदा विचारलं तेव्हा बोलला, "येत नाही आता. त्या दिवसापासून नाही."
जेवत नाही नीट. सगळं त्यानेच काढलं, आता तोच सोडतोय. मला राग यायला हवा, येत नाही.

२९ डिसेंबर
अमेय गेला तेव्हा ओळख पटवायला मा. एकटा गेलेला. माझ्यासमोर पेटी आली ती बंदच. उघडू नको, एवढंच म्हणाला होता. मी कधी विचारलं नाही, त्याने कधी सांगितलं नाही. इतकी वर्षं.
आज चहा घेताना विचारलं.
"मागे उभा राहायचा तो कसा दिसायचा रे? घरून निघाला तसा, की तू तिथे पाहिलास तसा?"
मा.ने कप खाली ठेवला. 
मीच म्हटलं, "तू हसायचास ना त्याच्याकडे बघून. मी पाहिलंय. म्हणजे नीटच असणार."
"तो घाबरू नये म्हणून हसायचो गं."
चहावर साय धरली.  मग म्हणाला, "तिथे काय पाहिलं ते सांगू? ऐकवेल तुला?"
मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, माझं मला कळलं नाही. मा. खुर्ची ओढून जवळ आला.