बंद तोंडांच्या प्रवाळाची वाटणी

मी, ह्या घराचा धाकटा मुलगा, वय एकवीस, शिक्षण अर्धवट, धंदा लोकांच्या माशांच्या टाक्या धुणे, उद्या सकाळी हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल होत आहे. त्यापूर्वी हे सर्व माझ्या हाताने, माझ्या मर्जीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. शुद्धीबद्दल दादाला शंका आहे. "हर्नियासाठी मृत्युपत्र लिहिणारा शुद्धीत कसा?" असं त्याने विचारलं. त्याची शंका इथे नोंदवली आहे, मान्य केलेली नाही.

डॉक्टर म्हणाले, साधी शस्त्रक्रिया आहे. साधी आहे तर ज्या कागदावर माझी सही घेतली त्यात भूल, रक्तस्राव आणि मृत्यू एका ओळीत मांडीला मांडी लावून का बसले होते, ते त्यांनी सांगितलं नाही. आणि मेलो नाही तरी पुढचे काही महिने वजन उचलायचं नाही. टाकीच्या पाण्याचे कॅन जिन्याने चढवूनच हा हर्निया झालाय. म्हणजे माझ्या पश्चात काय, हा प्रश्न मी जगलो तरी उद्यापासून उभा राहतोच. सबब हे मृत्युपत्र मी मेलो तरी लागू, न मेलो तरी लागू. मामा वकील आहेत. ते म्हणाले, असं मृत्युपत्र नसतं. मी म्हणालो, आता आहे.

कलम १. माझी खोली आईला. तिला तिथे कपडे वाळत घालायचे आहेत हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मात्र टाकी हलेपर्यंत खिडकी उघडू नये. फ्रीजरमधली गोठवलेली बारीक कोळंबी तिने "घाण" म्हणून दोनदा फेकली, ते मी विसरलेलो नाही. ती घाण नव्हती. ते कोणाचं तरी जेवण होतं.

कलम २. मोटरसायकल दादाला. कित्येक वर्षं तिच्याकडे तो उपाशी मांजरासारखा बघतोय. घे.

कलम ३. टाक्या सजवण्याच्या दुकानाचा मालक, ज्याला आम्ही गोड्या म्हणतो, कारण खारं पाणी विकतो आणि बोलतो गोड, त्याला ह्या मालमत्तेतला एक खडादेखील मिळू नये. जांभळं, झाडासारखं मऊ प्रवाळ त्याने मला विकलं तेव्हा म्हणाला, "साहेब, वर चांगला दिवा लावा, बाकी ते आपलं आपण बघतं." त्याने काही बघितलं नाही. दिव्याखाली दिवसेंदिवस बारीक होत गेलं आणि एका सकाळी नुसता देठ उरला. मी दुकानात जाऊन जाब विचारला तर म्हणतो, "तुमच्या हाताला यश नाही." दुकानात तेव्हा गिऱ्हाईक होतं म्हणून मी फक्त काउंटरवर हात आपटला. काच आधीच तडकलेली होती, हे मी इथे पुन्हा शपथेवर सांगतो.

कलम ४. आता मुख्य मालमत्ता. एक नारिंगी प्रवाळ, एक लाल समुद्रपंखा, म्हणजे पंख्यासारखं पसरलेलं प्रवाळ, आणि त्यांची टाकी.

ज्याला हे मिळेल त्याने आधी नीट वाचावं. बहुतेक प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न बनवतं आणि राहण्याचं भाडं दिल्यासारखं प्रवाळाला देतं. माझ्या प्रवाळांकडे भाडेकरू नाही. ती अंधाऱ्या कपारीतली आहेत, वाहून येईल ते पकडून खाणारी. त्यांच्यावर सूर्य आणून टांगलात तरी ती उपाशीच मरतील. मागच्या वर्षी मी तापाने पडलो तेव्हा दादाने माझ्यावरच्या प्रेमाने बाजारातला सर्वांत महाग दिवा आणून लावला आणि खायला काही घातलं नाही. काचांवर हिरवं गवत माजलं. "मस्त टवटवीत दिसतंय," म्हणाला. टवटवीत ते गवत होतं, दादा.

भरवायचं असं: संध्याकाळी दिवा मालवायचा. गोठवलेली कोळंबी थोड्या पाण्यात वितळवून ते पाणी आधी टाकीत सोडायचं, नुसता वास. मग थांबायचं. चहा पिऊन यायचं. हळूहळू प्रवाळाच्या एकेका तोंडातून पिवळ्या पाकळ्यांसारखे हात बाहेर येतात. मग लांब नळीच्या ड्रॉपरने एकेका तोंडाशी एकेक घास. एकेका. वरून मूठभर टाकून मोकळं व्हायचं नाही, न खाल्लेलं सडतं आणि पाणी नासतं. टाकीत एक पट्टेरी कोळंबी आहे, चोरटी. ती प्रवाळाच्या तोंडातला घास ओढून काढते. म्हणून भरवताना तळ कापलेली प्लास्टिकची बाटली प्रवाळावर झाकणासारखी ठेवायची आणि बुचाच्या तोंडातून ड्रॉपर आत घालायचा. समुद्रपंख्याला याहून बारीक अन्न लागतं आणि ते सारखं लागतं, त्याचा थेंबथेंब सोडणारा पंप डाव्या कोपऱ्यात आहे. एवढं खायला घातल्यावर पाणी घाण होणारच, म्हणून दर आठवड्याला पाणी बदलायचं. कॅन दोन हातांनी उचला. मी एका हाताने उचलायचो, बघा काय झालं ते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. बंद तोंड म्हणजे भरलेलं पोट नव्हे. हे प्रवाळ जितकं उपाशी तितकं घट्ट मिटतं. मिटलेलं दिसलं की लोक म्हणतात, असू दे, झोपलंय. ते झोपलेलं नसतं. अशा वेळी वास दाखवून, वाट बघून, पुन्हा वास दाखवून त्याला उघडायला लावायचं असतं. कंटाळा आला तर जास्तच.

कलम ५. हे कलम कॉलेजबद्दल आहे. मामा म्हणाले, मृत्युपत्रात याची गरज नाही. मला आहे.

हे नारिंगी प्रवाळ मूळचं कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं. दुसऱ्या वर्षाला टाकीची जबाबदारी आम्हा दोघांवर होती, माझ्यावर आणि वर्गातल्या एका मुलीवर. ती केस वर बांधायला रबर विसरायची आणि हवेच्या पंपाची हिरवी नळी तोडून त्या तुकड्याने बांधायची. वर्षभर टाकीतली हवा कमी का पडते हे विभागप्रमुखांना कळलं नाही, मला कळत होतं आणि मी नवी नळी आणून बसवत होतो. याहून जास्त मी तिला कधी काही बोललो नाही.

सुट्टीत पाळी तिची होती. ती रोज आली. रोज तिला प्रवाळ मिटलेलं दिसलं. पोट भरलेलं असेल, असं समजून रोज परत गेली. सुट्टी संपली तेव्हा पांढऱ्या सांगाड्यावर तीन तोंडं जिवंत होती. विभागप्रमुखांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं, "जबाबदारी कोणाची होती?" मी तिच्याकडे बघितलं. ती फरशीकडे बघत होती. मी म्हणालो, "माझी." तेही ठीक होतं. पण मग सर म्हणाले, "एका दगडासाठी तोंड काय पाडतोस, टाकून दे आणि टाकी धुऊन ठेव."

मी सरांना जे बोललो ते इथे लिहिलं तर मामा कागद फाडतील. तो दगड बादलीत घातला आणि निघालो तो परत गेलो नाही. ती दारात उभी होती. तिने बाजूला होऊन वाट दिली. बस, एवढंच केलं.

आई म्हणते, "तिने दोनदा फोन केला होता, तू उचलला नाहीस." नाही उचलला. जे वर्गात बोलायचं होतं ते फोनवर बोलून काय उपयोग?

सबब ह्या मालमत्तेतून तिला काहीही देण्यात येत नाही. तीन तोंडांची आज पूर्ण मूठभर वसाहत झाली आहे, ती तिने केलेली नाही.

कलम ६. प्रवाळ, समुद्रपंखा, टाकी, ड्रॉपर, कापलेली बाटली आणि चोरटी हे सर्व दादाकडे जावं. दुसरं कोणी नाही म्हणून. याबद्दल मला समाधान आहे असं कोणी समजू नये.

कलम ७, साक्षीदारांबद्दल. मामांनी सांगितलं की दोन साक्षीदार लागतात आणि ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. हे ऐकताच दादा पेन घेऊन धावत आला.

"मी साक्षीदार होतो."

"अरे, मग प्रवाळ तुला मिळणार नाही," मामा म्हणाले.

"अरेरे," दादा म्हणाला आणि टोपण काढलं.

"मोटरसायकलही नाही."

दादाने टोपण परत लावलं. आई हसली. मला हसू आलं नाही. ज्या घरात जिवंत प्राणी टाळण्यासाठी लोक साक्षीला उभे राहतात त्या घरात मी लहानाचा मोठा झालो.

पहिले साक्षीदार मामा. दुसरी साक्षीदार म्हणून मी तिला बोलावलं आहे. कारण सरळ आहे. समोर काय घडतंय ते बघत उभं राहणं तिला छान जमतं, आणि साक्षीदाराला कायद्याने काही मिळत नाही. निरोप पाठवला, "सही करायची आहे, पाच मिनिटांचं काम." ती येईल असं वाटत नाही. आली नाही तर तेही इथे नोंदवीन.

पुरवणी, त्याच संध्याकाळी. ती आली.

स्वतःचं पेन घेऊन आली होती. आईने खुर्ची दिली, तिने उभ्यानेच वाचलं. कलम पाच वाचताना पान उलटायला तिला फार वेळ लागला. मी टाकीकडे बघत होतो. दादा दारात, आई त्याच्या मागे, मामा घड्याळाकडे बघण्याचं नाटक करत होते.

"हे 'बघत उभं राहणं छान जमतं', हे तू लिहिलंस?"

"हो."

"खरं आहे." पेन तिच्या हातात होतं. "मी रोज बघत होते. मिटलेलं होतं. म्हटलं, नको असेल त्याला काही. आणि मग तुला फोन केला, तू उचलला नाहीस. म्हटलं, नको असेल."

माझ्याकडे बोलण्यासारखं बरंच होतं आणि सगळं ओरडण्यासारखं होतं.

तिने टोपण लावून पेन पर्समध्ये टाकलं. "मी सही करत नाही."

"पाच मिनिटांचं काम होतं," मी म्हणालो. "तेही नाही जमत?"

"साक्षीदाराला काही मिळत नाही ना?" तिने मामांना विचारलं.

"नाही," मामा म्हणाले.

"म्हणून," ती म्हणाली आणि बाह्या वर केल्या. "दिवा मालवा कोणीतरी. कोळंबी फ्रीजरमध्ये कुठे आहे?"

"दुधाच्या खाली," आई म्हणाली. दुधाच्या खाली. मी विचारतो तेव्हा तिला कधीच माहीत नसतं.

तिने पाणी सोडलं आणि थांबली. काही उघडलं नाही. मी म्हणालो, "नव्या माणसाला उघडत नाही." ती म्हणाली, "मी थांबते." दादाने चहा आणला, गार झाला. तिने पुन्हा वास सोडला. खालच्या बाजूचं एक तोंड, त्या मूळच्या तिघांपैकी एक, किंचित पिवळं झालं. तिने बाटली त्यावर ठेवली, ड्रॉपर आत नेला आणि घास दिला. घास बरोबर पडला.

आता दुसरा साक्षीदार कुठून आणायचा, असं मामा पुटपुटले. "मी आहे," दादा म्हणाला.

"मोटरसायकल?"

"जाऊ दे खड्ड्यात. तिने मन बदलायच्या आत सही करून टाकतो."

म्हणून कलम २ रद्द. कलम ६ मध्ये दादाच्या जागी ती. कलम ५ चा शेवटचा परिच्छेद खोडलेला नाही, फक्त लागू नाही. शस्त्रक्रियेनंतर मी परत आलो तर पाण्याचे कॅन दोघांनी मिळून उचलायचे, असं तिने सुचवलं आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही. माझा राग जसाच्या तसा शाबूत असून तो ह्या मृत्युपत्राने कोणालाही देण्यात आलेला नाही.

वरील सर्व मला वाचून दाखवण्यात आलं, तिनेच वाचलं. मला ते मान्य आहे.

सही: धाकटा मुलगा

साक्षीदार पहिले: मामा, वकील. ("ह्या कागदाच्या कायदेशीर परिणामांची जबाबदारी माझी नाही.")

साक्षीदार दुसरा: दादा. मोटरसायकलवरचा हक्क सोडून.

ठिकाण: टाकीची खोली, दिवा मालवलेला

दिनांक: दाखल होण्याच्या आदल्या संध्याकाळी, शेवटचं तोंड उघडायची वाट बघताना