अंघोळीचं पाणी आणि उटी

चांदभाई,

तुझ्या अंघोळीचं तापलेलं पाणी मी रेडिएटरमध्ये ओतलंय, रागावू नको. गारठ्यानं इंजिन लय आखडलं होतं. हँडल मारून मारून खांदा भरून आला, तरी चालू होईना. बंब परत भरून ठेवलाय, तेवढा जाळ घाल.

डोंगरावरच्या वाड्यांचं रेशनचं धान्य तीन आठवडे खालीच पडून हाय. दहिवरानं वाट निसरडी झालीय, म्हणून बैलगाडीवाले न्हाई म्हणाले. लढाईतनं आलेला आपला ट्रक चढंल. परवा येतो.

चढावर चाकामागं लावायची लाकडी उटी मी नेलीय. तसल्या पायानं ती हुडकत फिरू नको. उटी लावायला हेळवाकचा विष्णू घेतलाय. मी हाक मारल्याबिगर चाकाजवळ यायचं न्हाई, असं त्याला बजावलंय.

तुला तसं बजावलं नव्हतं. गेल्या थंडीत त्याच चढावर तू उटी बरोबर लावत होतास. माझा ओला बूट ब्रेकवरनं सरकला आणि गाडी मागं आली. तुझा पाय चाकाखाली गेला. उटी सुटली असं सगळे म्हणाले, तूही तेच धरून बसलास, तवा मी गप्प राहिलो.

भाभी अजून तुला म्हणती, "उटी नीट लावली असती तर पाय शाबूत राहिला असता."

तिला ही चिठ्ठी वाचून दाखव. मी यायच्या आत.

जैनू