मेहुण्याची वीजभट्टी

४ मार्च
आली एकदाची नोटीस. धुराड्यातली धूळ नव्या मर्यादेत आणा, नाहीतर भट्टी बंद. लोखंड वितळवायची आमची कोळशाची भट्टी जुनी. तिला गाळणी बसवायची तर अर्धी भट्टी नव्याने बांधावी लागेल म्हणे. मोठे साहेब म्हणाले, "त्यापेक्षा वीजभट्टीच आणू." दिवसभर डोकं ठिकाणावर नव्हतं.

१९ मार्च
वीजभट्टीचा प्रमुख कोण — तर माझा मेहुणा! बायकोचा धाकटा भाऊ. लोखंडाच्या रसाच्या रंगावरून ताव ओळखायला ज्याला मी शिकवलं, तो. हसून अभिनंदन केलं. आतून नुसता जळफळाट.

२ डिसेंबर
त्याची भट्टी सुरू झाली. कामावरून थेट जेवायला आला — अंगात पांढरा शर्ट, आणि तो पांढराच! लेक विचारते, "मामा, तुझी भट्टी धूर सोडत नाही?"
"सोडते गं, पण पिशव्यांतून गाळून. वर मीटर बसवलंय. जरा जास्त झालं की थेट सरकारी ऑफिसात कळतं."
बायको त्याला आग्रह करकरून वाढत होती. मी आपल्या हाताने वाढून घेतलं.

९ डिसेंबर
गाळायच्या पिशव्या फाटल्या. वीजभट्टी बंद पडली. मुद्दाम बघायला गेलो. काचेच्या केबिनमध्ये तोंड पाडून बसला होता.
"दाजी, काय करू?"
"मला काय कळतंय तुमच्या यंत्रातलं?"
घरी शीळ घालत आलो.

१० डिसेंबर
दुरुस्त झाली. त्यानेच केली.

२८ डिसेंबर
माझी भट्टी आज विझवली. शेवटचा रस मीच सोडला. नंतर मेहुणा जवळ आला. "दाजी, माझ्याकडे या. दुसऱ्या पाळीला जाणता माणूस हवाय." म्हणजे त्याच्या हाताखाली! पाठ फिरवून चालू लागलो.
ती नोटीस कुणाच्या तरी तक्रारीवरून आली होती, हे साहेबांकडून आजच कळलं. कुणाच्या, ते वेगळं सांगायला हवं? घरी येऊन बायकोवर तोंडसुख घेतलं — तुझ्या भावानेच काटा काढला माझा! ती भांडी घासत राहिली.

२९ डिसेंबर
सकाळी चहा देताना म्हणाली, "तक्रार त्याने नाही, मी केली. तुमचा खोकला तुम्हाला ऐकू येत नाही. मला येतो."
सकाळपासून खोकला दाबून धरतोय.