पेशींना लगाम

२ जून
प्रयोगशाळेतला पहिला दिवस. नव्याची नवलाई म्हणा, पण पांढरा कोट चढवल्यावर मला स्वतःचाच हेवा वाटला! खिडकीशी माझं टेबल, शेजारी पेशी वाढवायची उबदार कपाटं. सरांनी काम समजावलं. कर्करोगाच्या पेशींना थांबणं ठाऊकच नसतं. आपलं औषध त्यांना विभाजनाच्या उंबरठ्यावरच अडवतं. मारत नाही, नुसतं थोपवतं. मला चौथा महिना लागलाय, हे त्यांना आधीच सांगितलं होतं. म्हणाले, बाटल्या सीलबंद असतात, खुशाल राहा. घरी ह्यांना सगळं सांगितलं, तर म्हणे माझ्या ढेरीवरही जरा टाक ते औषध!

१३ जून
बाटली उघडताना तिची मानच तुटली. हातमोजा फाटून अंगठ्यात काच घुसली, वर औषध सांडलं. सरांनी स्वतः जखम धुतली. इतक्याशा थेंबानं काय व्हायचंय, म्हणाले.

२८ जून
जखम जशीच्या तशी. पिकत नाही, भरतही नाही. नखं कापायची वेळच येत नाही. तोंड सोललंय, घास गिळताना डोळ्यांत पाणी येतं. सरांना दाखवलं. ते घाबरले नाहीत, हेच मला खटकलं. भिंग लावून बघत बसले आणि बोलून गेले, "वा! माणसातही चालतंय की." मग चपापून भिंग खिशात टाकलं.

९ जुलै
सोनोग्राफी. डॉक्टरबाईंनी पुन्हा पुन्हा मोजलं. ठोके ठणठणीत. वाढ मात्र गेल्या खेपेएवढीच. ह्यांनी माझा हात घट्ट धरला. ठोके पडताहेत, म्हणून रडताही येत नाही.

१२ जुलै
सर घरी आले. उतारा आहे म्हणाले. अडलेल्या पेशी पुन्हा सुटतात, सगळ्या एकदम. एकदम म्हणजे कशा, मी विचारलं. त्यांनी नजर चुकवून सुई भरली. हे नको नको म्हणत होते. मीच दंड पुढे केला. दुसरं काय करणार होते मी?

१३ जुलै, सकाळ
जखम भरली! बाळ पहिल्यांदाच हललं. हे तर पोटाला कान लावूनच बसलेत.

दुपार
अंगठ्यावर मांस चढतंच आहे. पेन नीट धरवत नाही—

संध्याकाळ
ह्यांनी सरांना फोन केला. सर म्हणाले, फोटो काढून ठेवा. फोटो! रुग्णवाहिका निघालीय म्हणे. पोट सकाळपेक्षा— कातडी चकाकतेय, ताणून. लाथ बसली. पुन्हा. वरून, खालून, पाठीकडून, एकाच वेळी— एका बाळाला इतके पाय कसे—