डावी बाजू कोरी आहे

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस. बाबा बरे आहेत. उजवा हात अजून थरथरतो, पण कालवांच्या घावनात मीठ कमी पडलं की कुरकुर करायला विसरत नाहीत. फोनवर तू 'बरं, बघू' म्हणून दोन मिनिटांत ठेवून देतोस, म्हणून लिहिते आहे.

आईच्या थडग्याचा दगड होत आलाय. पाथरवट वेंगकाकांनी नाव सुरेख कोरलंय. राहिलीय ती दोन कडांवर समोरासमोर कोरायच्या जोडओळींतली एक. शुक्रवारपर्यंत ती मिळाली नाही, तर छिंगमिंगला सगळं गाव थडगी झाडायला डोंगरावर येईल आणि आपल्या आईचा दगड तेवढा काकांच्या अंगणात पडून असेल.

बाबांनी उजवीकडची ओळ दिली. सात अक्षरं. कुठल्या अक्षराचा सूर सपाट, कुठल्याचा वळता, हे मी घरी बोटांवर मोजलं आणि पुन्हा मोजलं. सहाव्या जागी सपाट सूर हवा, तिथे बाबांनी वळता घातलाय. आपल्या बाबांनी! काव्यमंडळात चाळीस माणसांसमोर तुझ्या कवितेतल्या एका शब्दावर लाल गोल काढणाऱ्या बाबांनी. तू तो शब्द आजच्या बोलण्यातल्या सुरात धरला होतास, ते जुन्या उच्चारांच्या यमककोशावर अडून बसले. "रेडिओवरची भाषा रेडिओवर ठेव," असं म्हणाले. तू म्हणालास, "तुमचा कोश मेलेल्यांचा आहे." दुसऱ्याच आठवड्यात तू शेनयांगची गाडी धरलीस. बारा वर्षं झाली. आईच्या अंत्ययात्रेत तुम्ही दोघं शेजारी चाललात आणि एक शब्द बोलला नाहीत. तुमचा दोघांचा मला अजून राग येतो.

मला वाटलं, आजारपणाने बाबांचं डोकं अधू झालं. सांगावं तर अपमान, न सांगावं तर मंडळातले म्हातारे दगडासमोर उभे राहून हसणार. चार दिवस मी टाळत राहिले. काकांनी निरोप धाडला की ते उद्या सकाळी छिन्नी लावणार. मग मात्र चहा ठेवता ठेवता मी सांगून टाकलं. सहावं अक्षर चुकलंय, आणि दुसरी ओळ तर तुम्ही दिलीच नाही.

बाबा चिडले नाहीत. कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "चूक मला ठाऊक आहे. मुद्दाम ठेवलीय. तसंच कोरायला सांग."

मी म्हटलं, लोक काय म्हणतील.

"पहिली ओळ तिथे मोडली, तर दुसरीने पाचव्या जागी सपाट सूर ठेवून तिला सावरायचं असतं. जुनाच नियम आहे, त्याला मीच शिकवलाय. दुसरी ओळ त्याची. त्याला हव्या त्या कोशातून लिहू दे."

एवढं बोलून उठले आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. 'त्याला कळव' असं मला म्हणाले नाहीत. तसं ते कधी म्हणणारही नाहीत, हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे. आज काकांनी उजवी ओळ त्या चुकीसकट कोरली. डावी बाजू घासून तयार आहे, तुझ्या सात अक्षरांसाठी. बाबांची ओळ सोबत जोडली आहे. उत्तर पोस्टाने पाठवू नकोस दादा, घेऊन ये.

तुझीच,
सूल्येन