हाका मारल्या

४ मार्च २०२५, हायडेलबर्ग

अकरा सेकंदांचं रेकॉर्डिंग! तेवढ्यापायी एक बाई नऊ वर्षं अमेरिकेतल्या तुरुंगात आहे.

फाइल रूथने पाठवली. तिकडची वकील, अशा केसेस फुकट लढते. "तुम्ही तिथल्या कोर्टाच्या मराठी दुभाषी आहात असं कळलं. पोलिस चौकशीतलं हे ऐका. कागदावर आहे तेच त्या बोलल्या का, सांगा."

बाई मनोरमा, मूळच्या मिरजेच्या. एका मराठी घरात ऐंशीच्या आजोबांना सांभाळायच्या. आजोबा बाथरूममध्ये पडले, गेले. पोलिसांनी फोनवर दुभाषी घेतला — हिंदीचा! बाई रडत सांगतात, "मी हाका मारल्या त्यांना. मारल्या, मारल्या, मारतच राहिले. उठलेच नाहीत हो."

कागदावर इंग्रजीत — मी त्यांना मारलं. मारलं, मारलं, मारतच राहिले. ते उठले नाहीत.



५ मार्च

अन्वी शाळेतून आल्यावर सहज विचारलं, "आईने हाका मारल्या म्हणजे गं?" "गेरूफन," मान वर न करता जर्मनमध्ये. "वास झोन्स्ट?"

बोलावलं! दुसरं काय असणार? आठ वर्षांची, इथे जन्मलेली पोर!

११ मार्च

रूथशी तासभर बोलले. मनोरमाबाईंना मिळालेल्या सरकारी खर्चाच्या वकिलाकडे तेव्हा एकशेचाळीस केसेस होत्या. टेप कोर्टात लावलीच नाही, नुसता कागद वाचला. बाई नाही नाही म्हणत राहिल्या; कागद हो म्हणत होता. त्याआधी सौदा होता — गुन्हा कबूल करा, चार वर्षांत सुटाल. त्या म्हणाल्या, न केलेलं कसं कबूल करू? मग वीस वर्षं! म्हणजे खटला चालवा म्हटल्याची शिक्षा सोळा.

आणि आजोबांचा मुलगा भास्कर रोज कोर्टात बसलेला. मराठी माणूस! त्याने एकदा जरी टेप ऐकली असती...

१२ मार्च

अमेरिकेला नावं ठेवताना स्वतःचंच आठवलं. मागच्या वर्षी इथल्या एका चौकशीत कोकणी बोलणाऱ्या माणसासाठी मला बसवलं होतं. सत्तर टक्के कळलं. बाकी अंदाज. अधिकारी "या, या, गेनाऊ" — हो, हो, बरोबर — म्हणत टाइप करत राहिला, आणि मी थांबवलं नाही.

आज त्या माणसाच्या वकिलाला सगळं लिहून पाठवलं. पुढची कामं जातील कदाचित. जाऊ देत.

९ एप्रिल

त्या वकिलाचं उत्तर — कोकणीचा दुभाषी मिळाला, जबाब पुन्हा घेणार. हुश्श!

२३ सप्टेंबर

सुनावणी. मी व्हिडिओवर. इथे दुपारचे चार, तिकडे सकाळ.

सरकारी वकील म्हणाले, "मारणे म्हणजे इजा करणे, बरोबर?" मी म्हटलं, "कधीकधी. पण आम्ही गप्पा मारतो, मिठी मारतो, हाका मारतो. त्यात कुणाला लागत नाही."

न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "टेप लावा." नऊ वर्षांत पहिल्यांदा!

टेप संपायच्या आत मागच्या बाकावर कुणीतरी उठलं. भास्कर. मनोरमाबाईंकडे बघत मराठीत, "मावशी, मला हे कुणी ऐकवलंच नाही हो!" सगळे माझ्याकडे बघायला लागले — काय म्हणतोय हा? सांगितलं.

१४ नोव्हेंबर

शिक्षा रद्द!!

पण लगेच नवा सौदा — छोटा गुन्हा कबूल करा, आजच घरी जा. नाहीतर पुन्हा खटला, तोवर आतच. रूथने मला फोनवर घेतलं. मनोरमाबाईंना शब्दाला शब्द सांगितला. मनात म्हणत होते, घ्या हो, घ्या!

मनोरमाबाई म्हणाल्या, "ताई, तेव्हा हो म्हणाले नाही, ते आता म्हणू? नाही म्हणून सांगा."

एका शब्दाचा अनुवाद. तोंडातून निघता निघेना.

२ डिसेंबर

भास्करने स्वतः जाऊन सरकारी वकिलांना लिहून दिलं — हा खटला मला नको. अजून उत्तर नाही.

९ डिसेंबर

अनोळखी नंबर. "ताई, मनोरमा बोलतेय. खटला काढून घेतला त्यांनी. भास्करच्या गाडीत बसलेय. हा नुसता रडतोय, गाडी सुरूच करत नाही. जरा सांगा ना त्याला!"